शोभाताईंचा राहून गेलेला घाट

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढत होते. "काकू..." एवढंच ती म्हणाली, आणि पुढे नुसता दवाखान्यातला गलबला ऐकू येत राहिला. आदल्या दिवशीच मी बुलढाण्याहून परतले होते. डॉक्टरांनी शोभाताईंना थोडा उतार आहे असं सांगितलं होतं, म्हणून तर आले होते... शोभाताई माझ्या मोठ्या जाऊबाई, आणि प्रज्ञा त्यांची एकुलती एक लेक. ताईंना जाऊन आता काही आठवडे झाले, तरी त्यांच्याविषयी 'होत्या' असं लिहिताना हात अडखळतो.

आमचं गाव नांदुरा-मोताळा रस्त्यावर. मोठे दीर आजारपणात गेले, त्यानंतर त्यांची मोटारसायकल बरेच दिवस गोठ्याशेजारी पोत्याखाली झाकून उभी होती. एका सकाळी ताईंनी ते पोतं काढलं आणि पदर खोचून गाडी शेताच्या वाटेवर ढकलत नेली. पडल्या, गुडघे फोडून घेतले, पण शिकल्या. मग वांगी, मिरच्या घेऊन आम्ही दोघी नांदुऱ्याच्या बाजाराला जाऊ लागलो. लोक वळून वळून बघायचे. ताई मात्र कुणाकडे बघत नसत. लोकांना तो ताठा वाटायचा. खरं म्हणजे गाडी चालवताना नजर हलवायची त्यांना तेव्हा भीतीच वाटायची!

प्रज्ञाला बुलढाण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि ती होस्टेलवर राहायला गेली. तेव्हापासून ताईंनी एकच धरलं होतं. राजूर घाट आपल्या गाडीनं चढायचा आणि लेकीच्या होस्टेलसमोर जाऊन उतरायचं. "एसटीनं तं कोनीबी जाते," त्या म्हणायच्या. माझे यजमान भीमराव मात्र ऐकेनात. "वहिनी, तुमी ब्रेक दाबला तरी मागचा लाइट लागत नाई. घाटात मांगून ट्रक आला तं त्याले काय समजन?" यात काही खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात बाजारातून येताना ताईंनी म्हशींसाठी ब्रेक मारला, आणि मागचा टेम्पो अगदी माझ्या पाठीशी येऊन थांबला होता. माझ्या मांडीवरची पिशवी रस्त्यावर सांडली. टेम्पोवाला ओरडला, "लाइट नाई काय वो बाई गाडीले?"

मिस्त्री लग्नासाठी बाहेरगावी गेलेला. ताईंनी त्याला फोन लावला, फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः गाडीजवळ बसल्या. तो सांगेल ते मी मोठ्यानं सांगायचं आणि त्यांनी करायचं. हातातला ब्रेक दाबला, लाइट लागला. म्हणजे बल्ब ठीक होता. पायाचा दाबला, नाही लागला. मग पायाच्या ब्रेकजवळचं छोटं स्विच शोधलं. त्याच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवताच मागे लख्ख लाल उजेड पडला. "स्विचच गेलं हाये," मिस्त्री म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताईंनी नांदुऱ्याहून नवं स्विच आणून बसवलं, तर लाइट लागला तो विझेचना! ताई हसून हसून खाली बसल्या. "पह्यले लागे ना, आता इझे ना... आपल्या घरातल्या मान्सायसारखाच हाये व हा!" मग त्या स्विचचा नट थोडा थोडा फिरवत राहिल्या आणि मी मागे उभी राहून सांगत राहिले. शेवटी एकदाचं जमलं. तेलकट हात तसेच घेऊन त्या यजमानांसमोर उभ्या राहिल्या. "भाऊजी, लाइट झाला. आता जाऊ?"

त्यांनी गाडी स्वतः तपासली, मान हलवली आणि म्हणाले, "पाऊस संपू द्या." पाऊस संपला, तर कापूस वेचणीला आला. वेचणी झाली, तर म्हणाले, घाटात रस्त्याचं काम चालू आहे. एक भाऊ गमावलेला माणूस, त्यांच्या पोटात भीती होती, हे ताईंना कळत होतं. म्हणून त्या भांडल्या नाहीत. "जाऊ, घाट कुठं पयून चालला?" म्हणायच्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

मग पोटात दुखायला लागलं. "काही नाई व, पित्त हाये," म्हणत त्यांनी अंगावर काढलं. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तातडीनं बुलढाण्याला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी त्यांच्या उशाशी होते. त्यांचे डोळे मिटलेले. गाडी वळणं घेऊ लागली तशा त्या पुटपुटल्या, "घाट लागला काय?"

"हाव ताई, लागला."

"मले दिसत नाई. तू सांग."

मी काचेतून बाहेर बघत सांगत राहिले. डावीकडे दरी आहे, सागाची पानं झडलीत, आता मोठं वळण आलं... वळण आलं की त्यांची बोटं माझ्या हातावर घट्ट व्हायची.

परवा प्रज्ञाला भेटायला आम्ही दोघं ताईंचीच गाडी घेऊन निघालो. एसटीनं जाऊ, असं आमच्यापैकी कुणीच सुचवलं नाही. घाटाच्या वरच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. समोर आमचा सगळा सपाट मुलूख उन्हात पसरला होता. 

"वहिनीले एकदा आनाले पाह्यजे होतं," ते म्हणाले.

 खालच्या धुरकट पट्ट्यात आमचं शेत कुठे असेल, ते मी शोधत राहिले. मला काही ओळखू आलं नाही. ताईंनी बोट दाखवून सांगितलं असतं.