कुणाच्या शेडवरची

"लग्न झालंय का तुझं?"

डॉक्टरांनी हे एवढ्या मोठ्यानं विचारलं की बाहेर बाकावर खोकत बसलेली म्हातारी खोकायची थांबली.

मी न्हाई म्हणाले.

"मग ही गोळी कशाला पायजे तुला?"

तपासायच्या खोलीला दार नव्हतं. पडदा होता, तोही अर्धा सरकलेला. पलीकडं बसलेल्या बायांचे पाय मला दिसत होते. तेवढेच बघत मी उभी राहिले. वीस वर्षांची होते. रात्री आम्हा दोघांकडून चूक झाली होती, दिवस राहू नयेत म्हणून मी सकाळीच धावत आले होते. चूक कळल्याबरोबर दवाखान्यात जाणारी पोरगी शहाणी म्हणायची का नाही? डॉक्टर म्हणाले, "बेदाणा निवडायला येता का शेण खायला?"

बाहेर कुणीतरी हसलं.

आमचं घर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरलेलं. आजा फिरला, बाप फिरला. नंतर मेंढरं कमी झाली आणि द्राक्षाच्या हंगामात आई-बाप तासगावच्या बेदाणा शेडवर यायला लागले. मी सायन्सनं बारावी झाले होते, तासगावच्याच कॉलेजात जायचे आणि उरलेल्या वेळात आईशेजारी बसून बेदाण्यातल्या काड्या वेचायचे. हाताला चिकटा आणि अंगाला गंधकाचा वास. वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही, त्याचं मला तेव्हा फार वाटायचं.

शेडवरच्या माणसांचा एक डॉक्टर ठरलेला असे. म्हणजे मालकाचा डॉक्टर. औषधपाणी मालक बघायचे, आणि लोक म्हणायचे, मालक देवमाणूस. खिडकीतला कंपाउंडर आम्हाला नाव विचारत नसे. "कुणाच्या शेडवरची?" एवढंच विचारायचा. आम्हीही मालकाचं आडनाव सांगून बाकावर बसायचो. ताप आमचा, खोकला आमचा आणि नाव मालकाचं.

त्या दिवशी मी आधी मेडिकलमध्ये गेले होते. तिथल्या माणसानं डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणून परत पाठवलं. त्या गोळीला चिठ्ठी लागत नाही हे मला पुढं शिकल्यावर कळलं. तेव्हा काय कळणार! दवाखान्यात आले. स्वतःच्या पायानं आले होते, स्वतःच्या कमाईतून फी देणार होते. पण कंपाउंडरनं विचारलं, "कुणाच्या शेडवरची?" आणि मी सवयीनं सांगून टाकलं. तोंडातून गेलं ते गेलं.

डॉक्टरांनी माझ्यासमोरच फोन उचलला.

"वहिनी, तुमच्या शेडवरची एक पोरगी आलीय. लक्ष ठेवा जरा. आत्ताच सांगितलेलं बरं."

मी "डॉक्टर, नका ओ" म्हणाले. त्यांनी हातानंच जा म्हणून खूण केली. गोळी दिलीच नाही.

शेडवर पोचले तर मालकीणबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. एरवी त्या गाडीतून खाली उतरायच्या नाहीत. निवडणीच्या बाया हात थांबवून बसलेल्या. माझी आई उभी होती, पदर तोंडाला लावून. आईशेजारी कमल होती, नवऱ्यानं टाकलेली, माझ्याहून थोडीच मोठी. ती मान खाली घालून रिकाम्या चाळणीकडं बघत होती.

"माझ्या शेडवर असली थेरं चालायची न्हाईत," मालकीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर पाया पड. परत असं करणार न्हाई म्हण."

मी हलले नाही. आईनं पाठीत ढकललं. "पड की गं पाया. काय बघतीस?"

तरी मी हलले नाही. तर आई स्वतः वाकली. माझ्या आईनं त्या बाईच्या चपलांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "लेकरू हाय, वहिनीसाब. पोटात घाला."

ते बघून माझ्या आत काहीतरी तुटलं. लाज होती ती तुटली असेल. डॉक्टरपुढं वाटली होती तेवढी लाज मला नंतर कधी वाटली नाही.

"आये, ऊठ," मी म्हणाले. मग मालकीणबाईंकडं बघून म्हणाले, "मी डॉक्टरकडं गेल्ते. तुमच्याकडं न्हाई."

मालकीणबाईंनी मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. त्यांना समजलंच नाही मी काय म्हणाले ते. बेदाणा वाळवायचं जाळं त्यांचं, क्रेट त्यांचे, आम्ही त्यांच्या. मग आमच्या पोटातली गोष्ट वेगळी कशी?

मी तशीच निघाले आणि स्टँडवर जाऊन सांगलीची एसटी धरली. सांगलीत एका मेडिकलमध्ये काउंटरमागं बाई होती म्हणून तिथं शिरले. तिनं हळू आवाजात विचारलं, कधी झालं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. गोळी दिली. "लगेच घे. लवकर उलटी झाली तर परत ये," म्हणाली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी तिथंच पाण्याची बाटली घेऊन गोळी गिळली आणि रडले. एवढंच काम होतं. एवढ्याशा कामासाठी माझ्या आईचं डोकं चपलांवर गेलं होतं.

दिवस राहिले नाहीत. बाकी सगळं गेलं. बापानं कॉलेज बंद केलं. ज्याच्याबरोबर चूक झाली तो भरतीची तयारी करत होता, त्यानं फोन बंद करून टाकला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही आणि त्याला कुणाच्या पाया पडायला लावलं नाही. माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा मी साताऱ्याला पळून आले. एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिले, मिळेल ते काम केलं आणि फार्मसीचा डिप्लोमा केला. आई लय दिवस बोलली नाही.

बोलली ती कमल गेली तेव्हा.

पुढच्याच्या पुढच्या हंगामात कमलला दिवस राहिले होते. तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणाकडून तरी पोट पाडायची मुळी आणून खाल्ली आणि रक्त जायला लागलं. दवाखाना हाकेच्या अंतरावर. ती साडी बदलून बदलून काड्या वेचत बसली. मिरजेला नेताना वाटेतच संपली. आई फोनवर म्हणाली, "मी म्हणत हुते, चल डाक्टरकडं. तर म्हणाली, नगं मावशे, तुझ्या लेकीचं काय झालं ते बघितलंय मी."

डॉक्टरांचा दवाखाना अजून चालू आहे. गर्दी असते म्हणे. कमलला त्यांनी हातही लावला नव्हता, त्यामुळं त्यांना कोण काय म्हणणार? मी म्हणते. कमल त्या फोनमुळं मेली.

आता मी कोरेगावात एका मेडिकलमध्ये काउंटरला उभी असते. परवा दुपारी एक कॉलेजची पोरगी आली. स्कार्फ बांधलेला, डोळे तेवढे दिसत होते. आधी खोकल्याचं औषध मागितलं. मग गर्दी हटेपर्यंत थांबून राहिली. मी ओळखलं. हळू आवाजात विचारायचं ते विचारलं, गोळी दिली, कशी घ्यायची ते सांगितलं.

संध्याकाळी तिचा चुलता आला. मिलिटरीतून रिटायर झालेला, गावात वजन असलेला माणूस. कुणीतरी पोरीला दुकानात बघितलं होतं.

"दुपारी आमची पोरगी आल्ती. काय नेलं तिनं?"

"ते सांगता येत न्हाई," मी म्हणाले.

दुकानाचे मालक लगबगीनं पुढं आले. "अगं, सांग की. घरचंच माणूस हाय. आपलंच गिऱ्हाईक हाय."

"घरच्यांनी तिलाच विचारावं. मी न्हाई सांगणार."

चुलत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू कुणाची गं?"

तोच प्रश्न. कोरेगावातही तोच. या वेळी मी सवयीनं उत्तर दिलं नाही. मी फक्त माझं नाव सांगितलं. बापाचं नाही, गावाचं नाही, दुकानाचंही नाही.

तो काउंटरवर हात आपटून गेला. मालक म्हणाले, उद्यापासून यायचं का नाही ते कळवतो. कळवू देत. काढलं तर दुसऱ्या दुकानात उभी राहीन, तिथूनही काढलं तर तिसऱ्या. त्या पोरीचा चुलता येऊ दे, बाप येऊ दे, पोलीसपाटील येऊ दे. तिनं काय नेलं ते माझ्या तोंडून निघणार नाही. पुढच्या खेपेला ती घाबरली तर तिनं मुळी शोधू नये. तिनं दुकानात यावं.