पेढे आधी, नोकरी मागाहून

ऋजुतानं लंडनच्या नोकरीला होकारही कळवला नव्हता, तोवर रघुवीरकाकांचे लंडनच्या त्यांच्या एजवेअर उपनगरभर पेढे वाटून झाले होते. तसा त्यांचा दोष थोडाच. पुतणीनं फोनवर 'लंडनहून ऑफर आली' एवढंच म्हटलं. 'आणि नॉटिंगहॅमहूनही' हे ती बोलेपर्यंत काका कोट चढवून मिठाईच्या दुकानाकडे निघालेसुद्धा होते. मराठी मंडळाच्या चिटणिसांपासून कोपऱ्यावरच्या गुजराती केमिस्टपर्यंत सगळ्यांची तोंडं गोड झाली. 'हार्टचा आयसीयू बरं का, लंडनमधला,' हे प्रत्येक पेढ्यासोबत फुकट.

ऋजुता लंडनबाहेरच्या ब्रॅकनेल गावची. जन्म तिथला, मराठीही तिथलंच; हट्ट मात्र अस्सल घराण्यातला. कुणाचं ऑपरेशन झालं की लोक टाके किती पडले ते विचारतात. ही लहानपणापासून विचारायची, झोपवलं कुणी? नर्सिंग झालं की दोनतीन वर्षं आयसीयूत काढायची आणि मग तिकडे नर्सनाही करता येणाऱ्या भूल देण्याच्या कोर्सला जायचं, हे तिचं कधीच ठरलेलं. प्रश्न एवढाच, की ती वर्षं कुठे काढायची. पहिला वॉर्ड चुकला, तर कोर्सच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहावं लागेल, ही तिला खरी धास्ती.

काकांना धास्ती होती ती चिटणिसांची. म्हणून ती शनिवारी जेवायला आली, तेव्हा त्यांनी मसालेभातावर तूप वाढता वाढता लंडनची थोरवी गायला घेतली. राहायला काकांचं घर, ट्यूब रेल्वेचं स्टेशन जवळच, डबा श्यामलाकाकूच्या हातचा.

तिनं पान स्वच्छ केलं आणि सांगितलं, की ती दोन्ही वॉर्डांत एकेक दिवस जाऊन उभी राहून आली आहे. लंडनला माणसं भली, पण पेशंट सगळे हृदयाचे. शिवाय नव्या नर्सला वर्षभर जरा स्थिरावलेलेच मिळणार. नॉटिंगहॅमला अपघात, न्यूमोनिया, विषबाधा, सगळी सरमिसळ. तिथल्या सिस्टरनं तिला व्हेंटिलेटरपाशी उभं केलं, आकडे हातानं झाकले आणि नुसती छाती बघून पेशंटचा श्वास कसा चाललाय ते सांगायला लावलं. ऋजुताचं उत्तर साफ चुकलं. ते का चुकलं, हे सिस्टरनं मग आपली जेवणाची सुट्टी घालवून समजावलं.

"तिथेच मी डिसाइड केलं," ती म्हणाली. "येस कळवलं पण."

काकूनं तिच्या पानात आणखी भात वाढला, म्हणजे त्या घरात ठराव पास झाला. पोरीचा फुललेला चेहरा बघून काकांनाही, खरं सांगायचं तर, आतून बरंच वाटत होतं. अडचण एकच उरली होती.

"आता मंडळात विचारतील, लंडन का सोडलं म्हणून," ते म्हणाले. "मी काय सांगू?"

"सांगा, 'पेढे वाटताना मी तिला विचारलंच नव्हतं,'" ऋजुता म्हणाली.