दादाला तोलायला हर्णैला

आमच्याकडे पाहुणा आला आणि त्याने सहज विचारलं, "काय, सुट्टीत कुठं जाणार?" की झालं. बाबा पेपर खाली ठेवतात, आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि दादा आपल्या चपला शोधायला लागतो. आता हर्णैचे किस्से निघणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हे किस्से आम्ही काही मुद्दाम जमवले नाहीत. तीन वर्षं नुसतं "जायचं, जायचं" म्हणत होतो, तेवढ्यात आपोआप साठले. जी सहल पहिल्या झटक्यात होते तिचं सांगण्यासारखं काही उरतच नाही, असं माझं मत आहे.

तर मुळात गोष्ट अशी. आम्ही अंबरनाथला राहायला आलो त्याच वर्षी दादाला विषमज्वर झाला. बारा-तेरा वर्षांचा असेल. इतका वाळला की अंथरुणात शोधावा लागायचा. डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा आई हर्णैकडच्या आपल्या माहेरच्या देवीला नवस बोलली. पोरगं उठून बसलं की देवळात त्याची गुळाने तुला करीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात दादा आणि दुसऱ्यात तेवढाच गूळ. आणि ते होईपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाही.

दादा उठून बसला. बसला तो थेट जेवायलाच बसला.

आई मात्र भाकरीवर आली. कोकणातली बाई ती, भात नसला तर तिला जेवल्यासारखंच वाटत नाही. आम्हाला गरम भात वाढायची, वर आमटी वाढायची आणि स्वतः भाकरी कुस्करायची. मला ते बघवत नसे.

*

बाबांचा नवसाबिवसावर अजिबात विश्वास नाही. पण ते कारखान्यात काट्यावर होते. येणारा-जाणारा माल तोलायचा हेच काम. त्यामुळे देवी असो नाहीतर नसो, वजनात गडबड त्यांना खपत नाही.

पहिल्या वर्षी त्यांची रजा ऐन वेळी रद्द झाली. "पुढच्या वर्षी जाऊ," ते आईला म्हणाले, "देवी काय कुठं पळून चाललीय?"

शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "देवी नाही हो पळत. पण पोरगं वाढतंय, त्याचं काय?"

हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून दर महिन्याला ते दादाला कारखान्याच्या फाटकाशी बोलवायचे, मालाच्या काट्यावर उभा करायचे आणि घरी येऊन चहा पिता पिता सांगायचे, "चढला." उतरला असं एकदाही झालं नाही.

त्यात दादाने बुवापाड्याच्या आखाड्यात जायला सुरुवात केली. सकाळी जोर-बैठका आणि वर तांब्याभर दूध. आई दूध ओतायची आणि बाबा पेपराआडून म्हणायचे, "ओत, ओत. गूळच तर वाढतोय."

"वाढू दे," आई म्हणायची. "खातोय म्हणूनच तर नवस फेडायचाय."

 बाबा परत पेपरात तोंड घालायचे.

*

दुसऱ्या वर्षी रजा मिळाली, बोटीची तिकिटं आली, पिशव्या भरल्या. आता दादाला मिसरूड फुटली होती.

"मी तराजूत बसणार नाही," तो म्हणाला. "मी काय कांद्याचं पोतं आहे?"

खरं कारण मला माहीत होतं. शाळेत कोणीतरी ही बातमी फोडली होती आणि वर्गात त्याला 'ढेप' म्हणायला लागले होते. कोणी फोडली ते विचारू नका. मी तेव्हा लहान होते.

निघायच्या दिवशी हा पहाटेच उठून मॅच खेळायला बदलापूरला गेला तो दिवेलागणीला उगवला. आमची बोट तोवर निम्म्या वाटेत असणार. बाबा संतापाने नुसते येरझारा घालत होते. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. आई मात्र एवढंच म्हणाली, "हातपाय धू. भात झाकून ठेवलाय तुझा."

त्या दिवशी दादा खाली मान घालून जेवला. दुसऱ्यांदा भात मागितला नाही. आमच्या घरात ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

*

तिसऱ्या वर्षी आईने ठरवलं, आधी गूळ आणायचा. गूळ घरात आला की माणसं मागे हटत नाहीत. म्हणून आम्ही चौघं टांग्याने उल्हासनगरला गेलो, कॅम्प नंबर तीनच्या बाजारात. तिथे लच्छूमल नावाच्या सिंधी शेठचं किराण्याचं नवंच दुकान होतं. आईने इतका गूळ मागितल्यावर शेठ खूश झाला.

"माई, घर में शादी है?"

"शादी नहीं," आई म्हणाली. "इसको तोलनेका है."

शेठने दादाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्याने पोती हलवली आणि आपला मोठा काटा मोकळा केला. भर बाजारात दादाला काट्यावर बसवलं. गिऱ्हाइकं थांबली, शेजारचा कापडवाला हातातला तागा टाकून बघायला आला. एक म्हातारी सिंधी बाई तर दादाच्या गालावरून हात फिरवून गेली. दादाचा चेहरा असा लाल झाला होता की मला दया आली. थोडीशीच.

बाबा मात्र आपल्या गावी आल्यासारखे रमले. "शेठ, तुमचा काटा डावीकडे झुकतोय," म्हणाले आणि दोघं मिळून तो नीट करत बसले.

सगळं झाल्यावर शेठने विचारलं, देवी कुठली? समुद्राकाठची म्हटल्यावर तो काटा सोडून पुढे आला. कराचीत त्याच्या घरातून समुद्र ऐकू यायचा, म्हणाला. इथे आल्यापासून समुद्र बघायलाही मिळाला नव्हता. त्याने एक छोटी ढेप उचलून आमच्या गुळावर ठेवली. "ये मेरी तरफ से. दर्या को मेरा भी मत्था टेकना."

आईचे डोळे भरून आले. 

*

आता महिनाभर घरात गूळ आणि त्याच घरात आम्ही दोघं. आईने ढेपा पाटावर रचल्या आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून पाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

"मुंग्यांचं झालं," बाबा म्हणाले, "आता या दोघांचे पाय कशात ठेवायचे?"

इकडे काकूंचे सल्ले सुरू झाले. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगा, आलं चघळा, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा. मी सगळंच केलं. माझ्या अंगाला इतके वास येत होते की बोट मलाच घाबरली असती.

निघायच्या चार दिवस आधी बाबांनी दादाला शेवटचं काट्यावर उभं केलं. घरी आले ते चेहरा पाडूनच.

"गूळ कमी पडतोय. शेठने दिलेला धरूनसुद्धा. पोरगं परत वाढलं."

 परत उल्हासनगर गाठायला वेळ नव्हता, म्हणून ठरलं, कमी पडतोय तेवढा गूळ मामाच्या गावात घेऊ. दादा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी जेवताना पोटात ढवळतंय म्हणून तो अर्ध्यातून उठला. कोणी लक्ष दिलं नाही. पिशव्या भरायची घाई होती.

*

हर्णैला बोट किनाऱ्याला लागत नाही. लांब उभी राहते, मग होडीत उतरायचं आणि शेवटी खलाशी तुम्हाला खांद्यावर घेऊन पाण्यातून काठावर आणून सोडतात. आमच्या होडीत गूळही होता. बाबा सारखे ओरडत होते, "आधी ढेपा! ढेपा भिजता कामा नयेत! सांभाळून!"

खलाशांनी एकेक ढेप डोक्यावरून नेली, कोरडी ठेवली. बाबा त्यांच्या मागोमाग धोतर सावरत काठावर पोचले, मोजून पाहिलं, सगळं बरोबर. मग मागे वळून बघतात तो आई अजून होडीतच.

"अहो," आईने तिथून विचारलं, "मला आणायचंय, का गुळावर भागेल?"

सगळे खलाशी हसले. दादा एरवी सगळ्यात मोठ्याने हसला असता. तो नुसता होडीची कड धरून बसला होता, पांढराफटक.

*

मामाच्या घरी पोचलो आणि मामाने पहिलीच बातमी दिली. लग्नसराई आहे, गावातल्या दुकानात गुळाचा खडा नाही.

"नारळ घालूया गो ताई," मामा म्हणाला. "देवीला नारळ चालतात की."

"मी गूळ बोललेय," आई म्हणाली. "गूळ म्हणजे गूळ."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी."

इतकं शांतपणे म्हणाली, की मलाच रडू फुटलं. आणखी एक वर्ष भाकरी कुस्करायची.

त्याहून वाईट म्हणजे दादा. मामीने त्याच्या आवडीचं सगळं केलं, हा पानाला हात लावेना. भूक नाही म्हणायचा. आंब्याच्या फोडी गुपचूप माझ्या ताटात सरकवायचा. मी खाल्ल्या. आजारी माणसाचे आंबे उगाच वाया का घालवा?

आई मात्र घाबरली. दर घटकेला त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. त्या वेळचं आजारपणही असंच, जेवण टाकण्यापासून सुरू झालं होतं. दुपारी ती मामाच्या देवघरासमोर जाऊन बसली, हात जोडले आणि म्हणाली, "आई, पोराला—"

बाबा पडवीतून धावत आले. आयुष्यात देवाला हात न जोडलेला माणूस. त्यांनी आईचे जोडलेले हातच धरले.

"अगं, नवं काही बोलू नकोस! आधी जुनं फिटू दे!"

देवीला घाबरलेले बाबा मी तेवढे एकदाच पाहिले.

*

गुरवाला दिवस सांगून ठेवला होता, म्हणून सकाळी देवळात जावंच लागलं. ओटी भरायची आणि देवीकडे आणखी एक वर्ष मागून घ्यायचं, असं आईने ठरवलं. गूळ बैलगाडीतून बरोबर आणला होता, निदान देवीने पाहावा म्हणून. सभामंडपात तुळईला मोठा तराजू टांगलेला होता. मागे समुद्र गाजत होता. लच्छूमल शेठचा नमस्कार मी त्याला आल्या आल्याच सांगून टाकला होता.

आईने ओटी ठेवली, डोकं टेकवलं. एवढ्यात दादा पुढे झाला आणि कोणी काही म्हणायच्या आत पारड्यात जाऊन मांडी घालून बसला. गावातली पोरं जमली होती, त्यात त्याच्या वयाच्या मुलीही होत्या. त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

"अरे, गूळ कमी आहे," बाबा म्हणाले. "कशाला बसतोस? ऊठ."

"घाला," दादा म्हणाला.

मामाने आणि गुरवाने एकेक ढेप दुसऱ्या पारड्यात चढवली. शेवटी शेठची ढेप ठेवली आणि दादा अलगद वर उचलला गेला. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं.

बाबांचा विश्वास बसेना. त्यांनी दादाला उतरवलं, गूळ काढला, रिकामा तराजू तपासला, पुन्हा सगळं चढवलं. पुन्हा तेच. उलट थोडा गूळ फोडून काढला तेव्हा काटा मध्ये आला. बाबा वाकून काट्याकडे बघत राहिले, मग दादाच्या बसलेल्या गालांकडे बघत राहिले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि तोंड समुद्राकडे केलं.

गुरवाने घंटा वाजवली. आई खांबाला धरून रडत होती, हसत होती.

दादा पारड्यातून उतरला. उतरताना जरा झोक गेला, मामाने धरलं. तो मामीकडे वळला.

"मामी," तो म्हणाला, "घरी चला आणि भात टाका. आईला आणि मला भूक लागलीय."