आमचा व्हिलन जानूमामा

आमचा व्हिलन आज सकाळी गेला.

हा फोटो टाकल्यापासून तिघांचे मेसेज आले. "डिलीट कर. गेलेल्या माणसाचा असा व्हिलनचा फोटो टाकतात का?"

नाही करणार.

पांढरा शर्ट, पायावर पाय, खुर्चीत रेलून गोड हसणारा हा माणूस म्हणजे जानूमामा. कळंबजवळच्या वाडीतला. वाडीखालच्या रिसॉर्टवर वॉचमन.
रिसॉर्ट ज्या माळावर आहे, तो माळ आधी त्याचाच होता.

कशेळ्याच्या बाजाराला तो माझ्या बाबांच्या जीपमधून यायचा आणि आमच्याकडे चहा पिऊन जायचा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी एक कॉमिक काढलं होतं. वाडीतली सुपरहिरो मुलगी, नाव कारवी. दहिवलीचा माझा मित्र ओंकार म्हणाला, यावर सिनेमा करू. मोबाईलवर.
व्हिलन म्हणून त्याने जिमचा ट्रेनर ठरवला. अंगाला काळा रंग, लाल लेन्स, कपाळावर व्रण. मी चित्रात तसाच काढला होता.

एका बाजाराच्या दिवशी मामा माझी कॉमिकची वही चाळत होता. एका पानावर थांबला.

"ह्यो कोन गं?"

"व्हिलन. वाडीची जमीन गिळतो."

चित्रावरून बोट फिरवलं. मग हसला.

"माझ्यावानीच काढलायस की!"

खरंच. काळा रंग, बसकं नाक, कुरळे केस.
घरातली पहिली ग्रॅज्युएट होणारी मी. वक्तृत्व स्पर्धेत समतेवर बोलणारी मी. आणि माझ्या हाताने काय काढलं होतं!

मी वही ओढायला लागले. त्याने सोडली नाही.

"जमीन गिळनारा आसा नसतो गं. दावू कसा आसतो?"

त्याने आमची प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली. पायावर पाय टाकला. हाय-नाय बोलणारा माणूस एकदम आहे-नाही बोलायला लागला. बाबांकडे बघून, अगदी मऊ आवाजात.

"काका, घाई नाही. निवांत विचार करा. वाचता येत नाही ना? असू द्या. मी वाचून दाखवतो."



हा आवाज मामाने स्वतःच्या ओट्यावर ऐकला होता. अंगठा लावायच्या आधी.

मी ओंकारला फोन केला. "व्हिलन मिळाला."

"तो वॉचमन? अगं, त्याला कोण घाबरणार?"

"तू ये आणि त्याच्यासमोर बस."

तो आला. बसला. दोन मिनिटांनी म्हणाला, "ए, मी याला माझं घरपण लिहून देईन."

माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला घालायला घेतलेला आपला नवा शर्ट बाबांनी स्वतः काढून दिला. "डाग नको पाडू रं, जानू."

"सायबाला डाग पडतच नाय रं," मामा म्हणाला.

शेवटी कारवीने, म्हणजे मी, त्याला उडून लाथ मारायची होती. मामाच म्हणाला, "लाथ नको. कागद माग. त्येला त्येच आवडत नाय."

म्हणून आमच्या सिनेमात साहेब म्हणतो, "मी वाचून दाखवतो."
आणि कारवी हात पुढे करते. "मला वाचता येतं. द्या इकडे."
संपला सिनेमा.

कॉलेजमध्ये दाखवला तेव्हा मागून ओरडले, "फाइट कुठंय?" एक सर म्हणाले, "व्हिलन दमदार नाही. पुढच्या वेळी जरा शोभेल असा नट घ्या."

तेव्हा माईकवर बोलले होते, आज इथे परत लिहिते. तोच योग्य नट होता. ज्याने व्हिलनला हाताच्या अंतरावरून पाहिलंय, ज्याचं सगळं त्या मऊ आवाजाने नेलंय, त्याच्याहून योग्य नट तुम्ही कुठून आणणार आहात?

आज वाडीत मामीला विचारलं, कुठला फोटो टाकू?

"ह्योच. ह्याच्यात तो बसलाय."

रिसॉर्टच्या गेटवर त्याला खुर्ची नव्हती.

मामीने अजून एक सांगितलं. गेल्या आठवड्यात वाडीत परत गाडी आली होती. उरलेल्या तुकड्यासाठी. पांढरा शर्ट, हातात कागद, तोच मऊ आवाज.
मामा आजारी होता. पडल्या पडल्या त्यांना म्हणाला, "घाई नाय म्हनता ना? मंग थांबा. आमची पोरगी यील, ती वाचल."

ते पुढच्या सोमवारी येणार आहेत.
मी ओट्यावर बसलेली असेन.

रामराम, मामा. निवांत जा.
कागद मी वाचते.