मागच्या गेटची बदली

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि महिन्याभरात नवी पोस्टिंग लागली. अकोल्याबाहेरची कापसाची एक जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी, हुद्दा सिक्युरिटी इन्चार्ज. घरचे त्याला नोकरी म्हणायचे. मी पोस्टिंगच म्हणायचो.

माझा बाप दर्यापूरच्या बाजारात वांगी अन् मेथी विकायचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो, त्याच वर्षी भरती झालो. पलटणीत जवानांचे अर्ज मी लिहून द्यायचो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

फॅक्टरीत मी माझी माणसं घेतली, सगळी माजी सैनिक. पुढच्या गेटवर हवालदार रशीद, अकोल्याचाच. मागच्या गेटवर नायक प्रल्हाद इंगळे, भातकुलीचा. प्रल्हाद माझ्याच प्लाटूनमध्ये होता.

त्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काश्मीरमध्ये एका हिवाळ्यात आमच्या वरच्या पोस्टची वाट बर्फानं बंद झाली. प्रल्हाद तिथं संतरी, पहाऱ्यावर. बदलीवाला जवान वाटेतूनच परत आला. वायरलेसवर मी म्हणालो, "बंकरमध्ये जा." तो म्हणाला, "बदली आली की जातो. ओव्हर." दुसऱ्या दिवशी उजाडताच दोर बांधून मी स्वतः वर गेलो. हा भुवयांवर बर्फ घेऊन उभाच. मी समोर उभा राहून "ड्यूटी बदली" म्हणेपर्यंत त्यानं रायफल खाली घेतली नाही. मग म्हणाला, "उशीर केला, साहेब. चहा तरी आणला का?"

संतरी बदलीशिवाय पोस्ट सोडत नाही. आणि हुकूम ज्यानं दिला, त्यानंच तो उठवायचा असतो. सिव्हिलमधल्या लोकांना हे जुनाट वाटतं. आमच्या हाडात ते बसलेलं असतं.

फॅक्टरीत पहिल्या दिवशी मी सगळ्यांना रांगेत फॉल-इन केलं. मॅनेजर वानखडे चहाचा कप घेऊन बघत उभा होता.

"सुभेदार, हे काय झेंडावंदन करून राहिले का? वॉचमन आहेत हे."

"गार्ड आहेत, साहेब."

"बरं, गार्ड. पण हुकूम माझा चालंल."

"चालंल. पण आमच्यात रिवाज आहे. हुकूम देणाऱ्यानं माणसाला विसरून जायचं नसते."

तो हसला. "बी.ए. शिकलेला वॉचमन पहिल्यांदाच पाहून राहिलो."

सव्वीस वर्षं वरिष्ठांचं ऐकलं होतं, अजून एकाचं ऐकलं.

काम सोपं होतं. सकाळी कापसाच्या गाड्या यायच्या. रशीद नोंद करून आत सोडायचा. बायका सरकी अन् कचरा उचलायच्या. संध्याकाळी बांधलेल्या गाठी मागच्या गोदामात जायच्या. गोदाम आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद गल्ली, तिच्या टोकाला मागचं गेट. तिथून गाठी चोरीला जातात असा वानखडेला कायम संशय. गेटला कुलूप असायचं आणि किल्ली प्रल्हादच्या खिशात.

आग लागली त्या दिवशी मी फॅक्टरीत नव्हतो. वानखडेनंच मला नवे गार्ड निवडायला अमरावतीला पाठवलं होतं. पुढचं मी रशीदकडून ऐकलं. वॉकीटॉकीचा सेट त्याच्या कमरेला होता आणि सगळं बोलणं त्याच्या कानावर पडलं.

दुपारची वेळ. जिनच्या यंत्रात कापसाबरोबर कुठला तरी खडा गेला असावा, ठिणगी पडली. कापूस आधी आतून धुमसतो, मग एकदम पेट घेतो. हॉलमधल्या बायकांना रशीद पुढच्या गेटनं काढत होता. तेवढ्यात सेट बोलला.

"मागचं गेट बोलतो. धूर गल्लीत येऊन राहिला. बदली पाठवा. ओव्हर."

वानखडेचा आवाज आला. "थांब तिथंच. या गडबडीत गाठी जातील बाहेर. गेट सोडू नको. बदली पाठवतो."

"रॉजर."

रशीदनं ते ऐकलं आणि पुन्हा बायकांकडे वळला. बदली पाठवतो म्हटलं म्हणजे ती निघाली, असंच आम्ही धरतो. थोड्या वेळानं सेट परत बोलला.

"मागचं गेट. बदली निघाली का? ओव्हर."

उत्तर आलं नाही. वानखडे सेट टेबलावर ठेवून रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन उभा होता. शेवटची बाई बाहेर पडल्यावर रशीदनं त्याला तिथं पाहिलं. मग रशीद मागं धावला. तोवर गल्लीत हात घातला तर हात दिसत नव्हता.

धूर निवळल्यावर प्रल्हाद सापडला. गेटला पाठ टेकून बसलेला. कुलूप लागलेलं. किल्ली खिशात.

तो केव्हाही बाहेर पडू शकत होता. एक कुलूप तेवढं उघडायचं होतं.

वानखडेनं चौकशीत सांगितलं, "वॉचमन झोपला होता. सेटवर माझं काही बोलणं झालं नाही." रशीदनं खरं सांगितलं, पण ते कोणी धरलं नाही. आपल्या माणसाची बाजू घेणारच, म्हणाले. आठवड्याभरात वानखडेचं म्हणणं सगळीकडं पसरलं, अकोल्यात, अमरावतीत, भातकुलीच्या बसस्टॅण्डवर. झोपला होता म्हणे.

तेरवीला मी भातकुलीला गेलो. प्रल्हादची बायको सुलोचनावहिनी ओट्यावर बसली होती. रडून झालेलं होतं.

"मेला तं मेला, भाऊजी. मी तयारीनंच लग्न केलं होतं फौजीशी," ती म्हणाली. "पण झोपला होता कावून म्हंतात? झोपणारा होता का थो?"

"नाही, वहिनी."

"मंग तुमी काय करून राहिले?"

सैन्यात मला पुष्कळ वरिष्ठांनी प्रश्न विचारले. इतका सरळ कोणी विचारला नाही. मी म्हणालो, "ज्यानं म्हटलं, त्याच्याच तोंडून परत घेतो. त्याच गेटवर."

"घ्या," ती म्हणाली. "मी वाट पाह्यतो."

मी राजीनामा दिला. अमरावतीच्या राजापेठेत ट्युशन क्लासच्या वर एक खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःची सिक्युरिटी एजन्सी उघडली. लोक म्हणाले, सुभेदार धंद्यात पडला. मला धंदा करायचा नव्हता. मला वानखडे पाहिजे होता. पण जिद्द धंद्याला उपयोगी पडते हे मला तिथं कळलं. गावोगाव फिरलो. निवृत्त होऊन पारावर बसलेले हवालदार उठवले, त्यांना कपडे करून दिले, परत उभं राहायला शिकवलं. दोन हंगामांत दर्यापूर ते अकोला बहुतेक जिनिंगवर माझे गार्ड होते. त्या एका फॅक्टरीवर नव्हते.

दुश्मनाचं ठाणं मजबूत असलं की त्याच्यावर धावून जायचं नसतं. त्याची रसद तोडायची. मी एकेका माजी सैनिकाला भेटून सांगितलं, त्या गेटवर आपला माणूस उभा राहणार नाही. दुसऱ्या एजन्सीनं नवखी माणसं पाठवली, तर रशीद त्यांना टपरीवर चहा पाजायचा आणि मागच्या गेटची हकीकत सांगायचा. चहा संपेपर्यंत ती कामावरून गेलेली असायची.

मग विमा कंपनीनं त्या फॅक्टरीला अट घातली. प्रशिक्षित पहारा नसेल तर कापसाला विमा नाही. हंगाम तोंडावर आला होता. मालक शेठचा फोन आला.

"सुभेदार, बोला. काय घेता?"

"तुमचा वानखडे. मागच्या गेटवर, सगळ्या कामगारांसमोर. जे खरं ते तोंडानं बोलायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

ठरल्या दिवशी मी वहिनीला जीपनं घेऊन गेलो. गल्लीत कामगार जमले होते. ज्या बायकांना रशीदनं बाहेर काढलं होतं, त्या पण होत्या. वानखडे इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"त्या दिवशी जरा गैरसमज झाला होता," तो म्हणाला.

"आवाज नाही आला," मी म्हणालो.

"सेटवर मी बोललो होतो."

"काय?"

"गेट सोडू नको म्हटलं होतं. बदली पाठवतो म्हटलं होतं."

"पाठवली?"

"नाही."

"इंगळे झोपला होता?"

त्यानं शेठकडे पाहिलं. शेठनं मान फिरवली.

"नाही. झोपला नव्हता."

गर्दीतून एक बाई म्हणाली, "आता बोलून राहिला मुडदा!"

माझं मागणं तिथं पूर्ण झालं होतं. पण माझं मन भरलं नव्हतं, आणि ते मी आजही नाकारत नाही. मी गेटला कुलूप लावलं आणि किल्ली वानखडेच्या हातात दिली.

"ही खिशात ठेवा अन् इथं उभे राहा. बदली पाठवतो."

"कोणाची बदली?"

"तुमची. थांबा तिथंच. गेट सोडू नका."

माझा आवाज चढला नव्हता. वानखडे उभा राहिला. ऊन होतं, गल्लीत वारा नव्हता. कामगार हलले नाहीत. वहिनी भिंतीच्या सावलीत खाली बसली, पदर सारखा केला आणि त्याच्याकडं बघत राहिली. तो रुमालानं मान पुसू लागला. त्यानं पाणी मागितलं, कोणी दिलं नाही. थोड्या वेळानं शेठ माझ्याजवळ आला.

"सुभेदार, झालं ना आता. सोडा त्याला."

मी वहिनीकडं पाहिलं. ती सोडून देईल असं मला वाटलं होतं. बाई माणूस, देवाधर्माची.

"सोडा कावून?" ती म्हणाली. "अजून तं धूर बी नाई."

वानखडेनं ते ऐकलं. त्याचा हात खिशात गेला. किल्ली कुलुपात दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली. गेट उघडून तो बाहेर निघाला आणि मागं न बघता रस्त्याला लागला.

रशीद म्हणाला, "साहब, ये तो पोस्ट छोडके भागा."

"भागू दे. सगळ्यांनी पाहिलं."

तेच मला पाहिजे होतं. खिशात किल्ली असलेला तो माणूस, दिवसाढवळ्या, आग नसताना किती वेळ उभा राहतो, ते सगळ्या फॅक्टरीनं पाहिलं. अकोला-अमरावतीच्या कोणत्याही जिनिंगवर आता वानखडेला काम नाही. माझे गार्ड जिथं आहेत, तिथल्या मालकांना मी त्याची हकीकत स्वतः सांगितली आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

गर्दी पांगली. वहिनीनं उठून गेट लोटलं आणि कुलूप लावलं. किल्ली तिनं माझ्याकडं दिली. मी रशीदला "सावधान"चा हुकूम दिला. मग प्रल्हाद जिथं बसलेला सापडला होता, त्या जागेसमोर उभा राहिलो आणि सॅल्यूट केला.

"नायक प्रल्हाद इंगळे. ड्यूटी बदली."

उशीर झाला, हे या वेळी मीच म्हणालो.