झाकलेला रकाना

फोन आला तेव्हा मी बाबांशी एका शब्दावरून भांडत होते. पत्रकात ‘विनंती’ लिहायचं की ‘मागणी’, हा आमच्या छापखान्यातला जुनाच वाद. पत्रकांच्या घड्या घालणारी मीनाताई आली की ती तो मिटवेल, असं आम्ही दोघांनीही धरून ठेवलं होतं. साडेनऊ वाजून गेले होते आणि ती तर साडेआठलाच येते. हायवे तुंबला असेल, बाबा म्हणाले. मंचरला हे कारण कुठल्याही दिवशी चालतं. मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. कांद्याचा टेम्पो चालवणारा माणूस, एरवी फोनवर ओरडूनच बोलतो. त्या दिवशी इतकं हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. “डोकं दुखतंय म्हणली आन् खाली बसली... गेली ओ ताई, मीना.” मेंदूत रक्तस्राव झाला होता. कागदावर तिचं वय पंचेचाळीस होतं. खरं वय तिला शेवटच्या वर्षात कळलं, आणि ते कळायला तिला सरकारशी भांडावं लागलं. ती जाऊन आता पाच आठवडे झाले. लिहायला बसले की हात थांबतो, कारण या गोष्टीत माझी एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय मीनाताई सांगता येत नाही.

ती आमच्याकडे फोल्डिंग करायची. बाबांचा छापखाना लहान, पण तालुक्यातलं एकही आंदोलन त्याच्या मशीनखालून गेल्याशिवाय झालं नाही. धरणग्रस्त, अंगणवाडी सेविका, दुधाचा भाव, दारूबंदी... सगळ्यांची पत्रकं तिच्या टेबलावर यायची. आईविना वाढलेली मी त्या टेबलाखाली बसायचे. शाळेत बाराखडी पुरी व्हायच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता यायचं, आणि ते तिनं शिकवलं होतं. डाव्या हातानं कागद ओढायचा, उजव्या हातातल्या पट्टीनं घडी दाबायची, आणि तेवढ्यात मजकूर वाचून टाकायचा, अशी तिची रीत. “ह्यात मागनी कुठंय गं? नुसतीच रडारड हाय,” असं ती मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या पत्रकांबद्दल म्हणायची, आणि बाबा मुकाट्यानं ते पत्रक परत पाठवायचे.

ती दत्तक होती हे मला कधी कुणी मुद्दाम सांगितलं नाही. अवसरी बुद्रुकला सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. तिचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते, मूल नव्हतं. डोंगराकडच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात एका लग्न न झालेल्या मुलीला बाळ झालं होतं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी एसटीनं जाऊन ते घेऊन आले. नारायणगावला गाडी बदलताना बाळ रडायला लागलं, तेव्हा स्टँडवरच्या एका बाईनं स्वतःच्या लेकरासाठी आणलेलं दूध दिलं... ही गोष्ट मीनाताईच्या आईनं तिला इतक्या वेळा सांगितली होती की ती आपल्याला आठवतेच, असं मीनाताईला वाटायचं. लपवाछपवी काहीच नव्हती. गावात ती ‘गुरुजींची मीना’ होती आणि लग्नातही कुणी आडून विचारलं नाही. पुढं दत्तकपत्र झालं. शाळेत घालताना गुरुजींनी त्या काळच्या रीतीप्रमाणे जन्मतारीख एक जून लिहिली, त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांसारखीच. त्यावरून नवा जन्मदाखला निघाला, आणि त्यात आई म्हणून, जन्म देणारी म्हणून, गुरुजींच्या पत्नीचं नाव आलं. “गावाला म्हाईतीये, मला म्हाईतीये,” मीनाताई म्हणायची, “एकटा तो कागदच खोटं बोलतोय बघ.”

आई वारल्यावर तिनं मूळ नोंद मागायचं ठरवलं. आई जिवंत असताना मागितली असती तर तिला वाटलं असतं की आपण कुठं कमी पडलो, म्हणून थांबले, असं ती म्हणाली. अर्ज मीच लिहून दिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की जन्मदात्या आईच्या संमतीशिवाय मूळ नोंद दाखवता येणार नाही. मी त्या कार्यालयातल्या बाबूसमोर टेबल बडवलं. जिचं नाव हिला माहीत नाही, जिचा पत्ता हिला माहीत नाही, जे तुमच्या कपाटात आहे आणि तुम्ही देत नाही, तिची सही ही कुठून आणणार? बाबू माझ्याकडं न बघता मीनाताईला म्हणाला, “मावशी, आता ह्या वयात कशाला? चांगलं चाललंय ना तुमचं?” मीनाताईनं शांतपणे विचारलं, “साहेब, तुमी तुमचा दाखला काढला तवा कुनी तुमाला ‘कशाला’ म्हनून इचारलं व्हतं का?”

ते वाक्य घेऊन मी पेटून घरी आले आणि पत्रक लिहिलं. आजही त्यातला विचार मला पटतो. माझ्या जन्माची नोंद ही माझ्याबद्दलची सगळ्यात पहिली नोंद आहे. ती शासनाच्या कपाटात असते, कारकुनाला दिसते, साहेबाला दिसते, वाळवीलाही दिसते. फक्त जिची आहे तिला दिसत नाही. प्रौढ, सज्ञान, मत देणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला त्याची स्वतःची नोंद त्याच्या भल्यासाठी दाखवत नाही, असं म्हणणारी व्यवस्था त्याला जन्मभर लेकरू समजते. हे सगळं मी लिहिलं. मीनाताईचं नाव घातलं नाही, तिला त्रास नको म्हणून. पण बाबांनी लहानपणापासून शिकवलेला छापखान्याचा एक नियम होता. पत्रकात गाव आणि साल हवंच, नाहीतर लोक म्हणतात बनवून लिहिलंय. म्हणून मी दवाखान्याचं गाव टाकलं आणि तिच्या दाखल्यावरचं साल टाकलं. बाजारच्या दिवशी जुन्नरला आणि मंचरला पत्रकं वाटली. घड्या मीनाताईनंच घातल्या होत्या. घाईत होतो, आदल्या दिवशी तिला ताप होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मजकूर न वाचता घडी घातली... माझ्यावर विश्वास ठेवून.

आठ-दहा दिवसांनी एक माणूस छापखान्यात आला. साठीचा असेल. पांढरी टोपी, पायात धुळीनं माखलेल्या चपला. (त्याची ओळख पटू नये म्हणून इथं दोन-तीन गोष्टी मी बदलून लिहिल्या आहेत. गावाचं नाव तर आता कधीच लिहिणार नाही.) बाबा कागद आणायला पुण्याला गेले होते. मी आत प्रूफ वाचत होते. तो थेट फोल्डिंगच्या टेबलापाशी गेला आणि खिशातून पत्रक काढून समोर धरलं.

“हे हितंच छापलंय ना?”

“व्हय,” मीनाताई म्हणाली. “बसा की.”

“बसायला न्हाई आलो. ह्यातली बाई कोन हाय, तुमाला ठावं हाय का?”

तिचा हात चालूच होता. “कशापायी?”

“भांडान न्हाई, ताई. निरोप द्यायचाय. तिला म्हनावं, तुझं खरं असंल. पन आमची भन आता सुना-नातवंडांत हाय. कुनीतरी गावात हे वाचलं, साल बघितलं, एखादं वरीस हिकडंतिकडं धरून बोटं मोजली... चार दिस झालं, ती दाराभाईर आली न्हाई. तिच्या मालकाला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. आमाला दोघा भावांनाच काय ते ठावं.”

आता मीनाताईचा हात थांबला. तो कोण आहे हे मला कळलं, तिलाही कळलं होतं. त्याला मात्र कुणाशी बोलतोय हे कळलं नव्हतं. मीनाताईनं समोरच्या टपरीवरून चहा मागवला, त्याला खुर्ची पुसून दिली, आणि त्यानं पहिला घोट घेतल्यावर म्हणाली, “निरोप देते मी. परत ह्ये छापायचं न्हाई, ह्येबी सांगते. घोर नका लावून घेऊ.” मग जराशानं तिनं विचारलं, “तब्येत बरी आसती का त्यांची?”

“गुडघं धरलंत. बाकी बरी हाय.”

“आन् डोळं?”

“डोळ्यांला काय धाड भरलीय तिच्या!” तो पहिल्यांदाच हसला. “आजून चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ववती. सुना हरल्या तिच्याम्होरं.”

तो गेल्यावर तिनं टेबलावरचा गठ्ठा सारखा केला. मी रडत होते. “ताई, तू सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? मामा, मीच ती? च्या सांडला असता बिचाऱ्याचा.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “शहाणे, तू लपवायचं ते उघडं केलंस आन् उघडं हाय ते लपवलंस. माझं नाव गाळलं. मी काय लपून बसले व्हते व्हय? आख्ख्या अवसरीला ठावं हाय. लपली व्हती ती. तू तिचं गाव छापलंस.”

पत्रकं परत बोलावता येत नाहीत. छापखान्यात वाढलेल्या मुलीला हे कुणी सांगायला नको होतं. मी म्हणाले, मग अर्ज मागं घेऊ या. त्यावर ती खरोखर चिडली. “का म्हनून? चूक तुझी, आन् हक्क मी सोडू? तिच्या दारात जायाचं न्हाई, ह्ये माझं मी ठरवीन. साहेबानं न्हाई ठरवायचं.” मी कितीतरी पत्रकं वाचली आहेत. पण नोंद मिळण्याचा हक्क आणि दार ठोठावण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी फोल्डिंगच्या टेबलापाशी उभं राहून समजलं. कायदा दोन्हींची मोट बांधतो आणि आईच्या अब्रूच्या नावानं लेकीचा कागद अडवतो. त्या आईच्या अब्रूला या सगळ्या काळात धक्का लावला तो लेकीनं नाही. तो मी लावला.

अपिलाची सुनावणी झाली. साहेब भले होते, अडचणीत सापडल्यासारखे दिसत होते. शेवटी त्यांनी मध्यम मार्ग काढला. जुनं रजिस्टर मागवलं, मीनाताईच्या समोर उघडलं, आणि कारकुनाला आईच्या नावाचा रकाना कोऱ्या फुलस्केपनं झाकायला सांगितलं. पोरसवदा कारकून दोन्ही हातांनी तो कागद दाबून उभा होता. वाऱ्यानं कागद हलू नये म्हणून पंखाही बंद केला होता. उरलेल्या ओळीत जन्मतारीख होती, ‘स्त्री’ असं होतं, आणि बाळाच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ. मीनाताई बराच वेळ वाकून बघत राहिली. बाहेर आल्यावर जुन्नरच्या स्टँडवर आम्ही भेळ घेतली. ती खात नव्हती. “मी थंडीतली हाय गं,” एकदम म्हणाली. “जूनची न्हाईच. आन् एका वर्षानं मोठी हाय. गुरुजींनी माझं एक वरीस खाल्लं!” आणि इतकं हसली की शेजारचे पाव्हणे वळून बघायला लागले. गाडीत बसल्यावर मात्र खिडकीकडं तोंड करून म्हणाली, “त्या पोराच्या हाताखाली व्हतं बघ. इतभर अंतरावर.”

तिनं वरच्या कार्यालयात दुसरं अपील केलं. तारीख लागायच्या आधी ती गेली. दहाव्यानंतर त्या कार्यालयाचं पत्र आलं. अर्जदार मयत असल्यानं प्रकरण बंद करण्यात येत आहे, इतकंच. तिची मुलगी स्वाती कॉलेजात शिकते. तिनं पत्र वाचलं आणि मला विचारलं, “मी तिची वारस आहे ना? मग ते नाव माझ्या आजीचंही आहे. मी अर्ज करू शकते का?” कायदा काय म्हणेल हे मला माहीत नाही. अर्ज आम्ही लिहितो आहोत. ‘विनंती’ लिहायचं की ‘मागणी’, हे स्वातीनं विचारलंसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात मी तिचं टेबल आवरायला घेतलं. खणात सुया, दोऱ्याचं रीळ, पेनांची टोपणं, आणि एका वाया गेलेल्या प्रुफाच्या पाठकोऱ्या बाजूवर तिच्या गोल, शाळकरी अक्षरातला मजकूर. माझं पत्रक तिनं पुन्हा लिहिलं होतं. माझी आवेशाची वाक्यं सगळी उडवली होती. दवाखान्याचं गाव नव्हतं, साल नव्हतं. सुरुवातीलाच होतं, ‘मी मीना, गुरुजींची मुलगी, राहणार अवसरी बुद्रुक.’ पुढं दहा-बारा ओळी, आणि त्यात हे...

‘माझ्या आईनं मला वाढवलं. तिचं नाव सर्वांना ठाऊक आहे. मला जन्म देणारी दुसरी आहे. तिचं नाव मला ठाऊक नाही, आणि कळलं तरी मी ते कोणालाही सांगणार नाही. मला ते एकदा वाचायचं आहे.’

आमच्याकडं येणारा प्रत्येक मजकूर मी दुरुस्त करते, ते माझं कामच आहे. हा तसाच बाबांकडं दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, खाली संपर्काच्या ओळीत तिनं स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला होता तिथं बोट ठेवलं, आणि मशीन चालू केलं. तो फोन आता स्वातीकडं असतो. ती उचलते.