काळ्या गाडीवरचा दुपट्टा

काळी गाडी घेऊ नको असं मला सगळ्यांनीच सांगितलं होतं. नवरा म्हणाला, शोरूमवाला म्हणाला, मी शिकवते त्या शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या. गोंदियाच्या ज्या टोकाला आमचं घर आहे तिथून राइस मिलची धुराडी दिसतात, आणि हंगामात भुशाची राख अशी उडते की दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा धुवावेसे वाटतात. पण कुणी नको म्हटलं की मला ती गोष्ट हवीच असते. हा स्वभाव बाबूजींकडून आला असं आई म्हणायची, आणि बाबूजी म्हणायचे, आईकडून. गाडी काळीच घेतली.

त्याच वर्षी आई गेली आणि बाबूजी माझ्याकडे राहायला आले. मी एकुलती एक. ‘राहायला आले’ हे आम्ही म्हणतो. ते स्वतः अजूनही कुणी विचारलं की ‘चार दिवस आलो’ असंच सांगतात. बिरसीकडच्या आमच्या गावात जुन्या माणसांची रीत अशी की बापानं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं, फुकटचं अन्न तर दूरच. माझ्या लग्नानंतर बाबूजी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा तांदळाची थैली घेऊन आले. तांदूळ नसला तर लाखोळीची डाळ, तीही नसली तर बांधावरच्या तुरीच्या शेंगा. आता शेती चुलतभावाकडे ठेक्यानं दिलेली, आणि आणायला हातात काही उरलेलं नव्हतं. पहिला आठवडाभर ते दोन घास भात खाऊन उठायचे आणि भूक नाही म्हणायचे.

मग एका सकाळी ते अंगणात गेले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, एकदा झटकला आणि गाडी पुसायला लागले. त्या दिवशी दुपारी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला. माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही. बापाला पोटभर जेवायला कारण मिळालं होतं, त्यात बोलायचं काय?

त्यांचं पुसणं बघण्यासारखं असायचं. पूर्वी घरी बैल होते तेव्हा ते धानाच्या तणसाचा बोळा करून त्यांना मानेपासून मागे चोळत जायचे, गोल गोल, दाबून. गाडीलाही तसंच. बोनेटपासून सुरुवात, मग दारं, शेवटी डिकी, आणि डिकीवर एक थाप. पाणी नाही, काही नाही. कोरडा दुपट्टा आणि हात. मी शाळेत निघायचे तेव्हा गाडी चकचकीत असायची, आणि ते फाटक उघडून उभे असायचे. माझी ऐट काय विचारता.

नात्यातल्या एका लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी धुवायला शहरातल्या एका दुकानात नेली. तिथल्या मालकानं बोनेटवर टॉर्च मारली आणि माझा चेहराच उतरला. उजेडाभोवती बारीक ओरखड्यांची वर्तुळंच वर्तुळं, एकात एक. दारांवर तेच, डिकीवर तेच. तो त्यांना स्वर्ल म्हणत होता. मी तेव्हापासून भोवरे म्हणते. “मॅडम, सूखा कपडा मारते हो क्या?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी नाही मारत. मग त्यानं समजावलं. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. भुशाची राख खरखरीत, ती त्या थरावर बसते आणि कोरड्या कपड्यानं आपणच ती त्यावर घासतो. पॉलिशच्या मशीननं भोवरे जातात, पण जातात म्हणजे काय, तो थरच किंचित झिजवून ओरखड्याच्या बुडापर्यंत आणायचा. असं किती वेळा करता येईल, मी विचारलं. “गिनती का है मॅडम, फिर नीचे का कलर खुल जायेगा.”

घरी येताना माझं मलाच हसू आलं. याच राखेनं आई पितळी भांडी घासायची. याच राखेनं आम्ही लहानपणी दात घासले. राख काय करते हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाबूजींना तर सगळ्यात जास्त. आणि तीच राख आम्ही रोज सकाळी हौसेनं गाडीला चोळत होतो.

हसू फार वेळ टिकलं नाही, कारण पुढचा प्रश्न उभा राहिला. बाबूजींना सांगायचं कसं? सांगितलं तर ते गाडीला हात लावणं सोडतील, आणि हात लावणं सोडलं की गावी निघतील, हे मला लख्ख दिसत होतं. गावच्या घरात आता कुणी नाही. मागे एकदा असेच ‘धान पाहून येतो’ म्हणून गेले, तर तापानं फणफणत एकटे पडून राहिले, पेज पिऊन. शेजारणीनं दार ढकललं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं. मी त्यांना पुन्हा त्या घरात जाऊ देणार नव्हते. गाडीवर भोवरेच काय, भगदाड पडलं असतं तरी.

म्हणून मी गुपचूप मशीन मागवलं. दुकानात द्यायला काय झालं होतं, नवऱ्यानं विचारलं. पण धुण्यापलीकडे माझ्या गाडीला परक्या माणसानं हात लावलेला मला खपत नाही. तो म्हणाला, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वर असंही म्हणाला की या घरात भांड्यांना बाई आहे आणि गाडीला मॅडम आहे. मी रविवारची वाट बघत होते. रविवारी सकाळी बाबूजी चौकातल्या पानठेल्यावर त्यांच्या वयाच्या मंडळींत जाऊन बसतात.

गाडी आधी धुऊन, वाळवून घेतली. बोनेटच्या मधोमध टेप लावली, म्हणजे झालेलं आणि न झालेलं कळावं. स्पंजच्या चकतीवर पॉलिशच्या कंपाउंडचे चार थेंब टाकले आणि मशीन हवेतच चालू केलं. ते थेंब माझ्या चष्म्यावर, नवऱ्याच्या बनियनवर आणि तुळशीवर उडाले. चकती आधी गाडीवर टेकवायची आणि मग बटण दाबायचं, हे मला तेव्हापासून पाठ आहे. नंतर जमलं. हळूहळू सरकवायचं, आडवं, मग उभं, दाबायचं नाही. दुधासारखा पातळ थर पसरतो, तो मऊ कपड्यानं टिपला की खाली रंग ओल्या पाटीसारखा काळा. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण माझ्या हातून काही इतक्या लगेच सुधारताना मी कधी पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं, खरंच सांगते.

पानठेला त्या दिवशी बंद होता. अर्धं बोनेट झालं आणि बाबूजी फाटकात उभे. त्यांनी टेपच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं. ऊन नेमकं तिरपं पडलं होतं. मग न झालेल्या बाजूवर त्यांनी आपला हात ठेवला आणि भोवऱ्यावरून फिरवला. हात बरोबर त्याच गोलातून फिरला.

“बाई, हे माह्या हातचं होय ना?”

मला खोटं बोलता येत नाही, निदान बापाशी तरी. मी होय म्हटलं. मग सांगितलं काऊन नाही, असं त्यांनी विचारलं. मी राखेचं, मशीनचं काहीबाही बोलत राहिले. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेले. नवरा हळूच म्हणाला, सुंठीवाचून खोकला गेला. तो चांगल्या मनानं बोलला, पण मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बनियन बदलायला निघून गेला.

दुपारी बाबूजी पुन्हा दोन घासांवर उठले. संध्याकाळी पाहते तर पिशवीत धोतर, चष्म्याची डबी, औषधं. धान पाहून येतो म्हणाले. धान कधीच कापून घरी आलं होतं. शेतात पाहायला धसकटांशिवाय काही नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही. मी नुसती दारात उभी राहिले, म्हणजे त्यांना बाहेर पडता येईना.

“काम करून खाऊन राहिलो असं वाटे मले,” ते खाली बघत म्हणाले. “मी तं तुह्यं नुकसान करून राहिलो होतो.”

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो. आमच्या गावची एक रीत आहे. ज्याची जनावरं दुसऱ्याच्या धानात शिरली, त्यानं त्या दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात उतरून तेवढी रोवणी पुन्हा करून द्यायची. भांडण नाही, पंचायत नाही. बाबूजींनी भल्याभल्यांना या रीतीनं चिखलात उतरवलेलं मी पाहिलं आहे, आणि एकदा आमच्याच बैलांसाठी ते स्वतःही उतरले होते.

“तुमचे बैल शिरले माह्या बांधीत,” मी म्हटलं. “रोवून द्या, मंग जा.”

त्यांनी पिशवी खाटेवर ठेवली आणि ते मशीन जड आहे का, असं विचारलं.

पुढच्या रविवारपासून ते लागले. सुरुवातीला नांगरावर भार द्यावा तसे मशीनवर भार द्यायचे आणि चकती फिरायची थांबायची. मी ओरडायचे. वर्गात ओरडते तशीच ओरडायचे, आणि ते मान हलवून पुन्हा तेच करायचे. हळूहळू हात हलका झाला. एका रविवारी एकच दार, त्याहून जास्त नाही. दोन रविवारांत संपलं असतं ते काम त्यांनी असं लांबवलं की मध्ये दोन सण येऊन गेले. ते लांबवताहेत हे मला कळत होतं. मला कळतंय हे त्यांनाही कळत असावं. आमचे रविवार फार छान गेले. कंपाउंडच्या वासात चहा प्यायची मला सवयच लागली.

शेवटी डिकी उरली आणि तीही झाली. त्या संध्याकाळी माझं सगळं लक्ष त्यांच्या पिशवीकडे होतं. पिशवी खुंटीवरून हलली नाही. जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला आणि म्हणाले की आता पाण्यानं धुवून देत जातो, कोरडा हात नाही लावत.

तेव्हापासून रोज सकाळी दोन बादल्या, साबण, मऊ कपडा. मी सांगितलं तसंच सगळं, वरून खाली. आणि सगळं झालं की इकडे तिकडे बघून ते खांद्यावरचा दुपट्टा काढतात, एकदा झटकतात आणि डिकीवरून हात फिरवतात. गोल गोल, दाबून. मग थाप. पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहिलं तेव्हा मी ओरडायला दारापर्यंत गेले होते. तिथूनच परत आले आणि भाताला फोडणी दिली.

भोवरे पुन्हा येतात. मग आम्ही दोघं मशीन काढतो, आणि थर थोडा झिजतो. नवऱ्यानं परवा विचारलं, हा थर संपला की काय करणार? मी म्हटलं, संपू दे. बाबूजींच्याच हातानं संपावा, खालचा रंग उघडा पडेपर्यंत. त्याला जितकी वर्षं लागतील, तितकी मला सगळी हवी आहेत.